केतकीचे सोमवार

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी चांदवडला घरी दाणे भाजत होते. "केतकी पूजेला बसली होती... उठलीच नाही," एवढंच ते म्हणाले. नाशिकला पोचले तर गंगापूर रोडच्या त्या फ्लॅटमध्ये ताई लेकीच्या केसांना तेल लावत बसली होती, आणि येईल त्याला सांगत होती, "सोमवारी गेली माझी बाई. देवासमोर."

आता महिना उलटून गेला. केतकी माझी भाची, थोरल्या बहिणीची एकुलती एक. लहानपणी अशी खादाड, की उपवासाची भगर आणि दाण्याची आमटी पातेल्यातूनच चाटूनपुसून खायची. आमच्या घराण्यात उपवास म्हणजे एकादशी नि दुप्पट खाशी! कॉलेजात गेल्यावर तिनं सोमवार धरला, तर ताईला कोण आनंद! मग गुरुवार आला, चतुर्थी आली, श्रावण तर आख्खाच. आधी भगर सुटली, मग फळं, मग दूधसुद्धा. "आजकालच्या पोरी पिझ्झा मागतात, आमची बघा," असं ताई सोसायटीभर सांगायची. बायका म्हणायच्या, चेहऱ्यावर तेज आलंय हो. मला ते तेज बघवायचं नाही. कातडीच्या आत दिवा ठेवल्यासारखी दिसायची ती.

वैशाखात गेले तर ही स्वेटर घालून ओट्याशी उभी. स्वयंपाक सगळा तिचाच, आणि चवीला बोटं चाटावीत असा. स्वतः मात्र कशाला तोंड लावायची नाही. वाढून झालं की समोर बसून आमच्या हातातल्या घासाकडे टक लावून बघायची... आम्ही चावू तसतसा तिचा जबडाही हळूहळू हलायचा. "मावशी, अजून घे ना," म्हणत तिनं माझ्या हातावर हात ठेवला. त्या उन्हाळ्यात तो हात माठासारखा गार होता.

मी ताईला आतल्या खोलीत नेऊन म्हटलं, "ही आजारी आहे गं. डॉक्टरला दाखव."

ताई चिडलीच. "माझ्या पोरीला नजर नको लावूस. तिचा साधा ताप मला दारातून कळायचा. काही असतं तर आईला कळलं नसतं?" संध्याकाळी तिनं मीठमोहऱ्यांनी लेकीची दृष्ट काढली. पाटावर बसलेली केतकी माझ्याकडे बघून शांतपणे हसत होती. ते हसू आठवलं की मला अजून भीती वाटते, आणि संतापही येतो. कोणाचा, ते मात्र सांगता येत नाही.

ती गेल्यावर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. न खाण्याचा हा आजार मनाचा असतो, वेळेवर आणलं तर बराही होतो. उपाशी राहून राहून तिचं हृदय थकलं होतं. भाऊजी नुसतीच मान हलवत राहिले. ताई म्हणाली, "अहो डॉक्टर, ती उपाशी नव्हती. तिचा उपवास होता."

परवाच्या सोमवारी पुन्हा गेले. ताईनं माझं एकटीचं ताट वाढलं आणि समोर येऊन बसली. गालफडं बसली होती.

"तुझं ताट?"

"तिचे सोळा सोमवार पुरे व्हायचे राहिलेत गं. व्रत अर्धवट सोडू नये, मी करते."

"बाकीचे दिवस तरी जेवतेस ना?"

ती माझ्या हातातल्या घासाकडे बघत होती... घास मी ताटात ठेवला. तशीच खरकट्या हातानं उठले आणि बाहेरच्या खोलीत भाऊजींना सांगितलं, ताईला आजच्या आज दवाखान्यात न्यायचं.

भाऊजींनी पेपर खाली ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, उपवास तर आहे फक्त."