म्हात्रेकाकांनी अडवलेला दाखला

आमच्या वर्तकनगरात आठवड्यातून दोनदा बाळकुमची कोळीण येते. गेल्या महिन्यात तिनं पाटी खाली ठेवली आणि मासे दाखवायच्या आधीच म्हणाली, "ताई, आमचे म्हात्रे कारकून गेले. परवा सकालीच." मी हातातली ताटली तशीच धरून उभी राहिले. काका काही माझ्या नात्यागोत्यातले नव्हते. दहा वर्षांत त्यांच्या घरी जेमतेम वीस-पंचवीस वेळा गेले असेन. पण आत येऊन बसले आणि रडू आवरेना...

सत्त्याऐंशी साल. माझी मुलगी मंजिरी तेव्हा चौथीत होती. लहानपणीच्या एका तापात तिचे कान निम्म्याहून जास्त गेले होते. डॉक्टरांनी मशीन दिलं होतं, छातीशी अडकवायची डबी आणि कानापर्यंत जाणारी वायर. शाळेत श्रुतलेखनाला दर वेळी भोपळा. बाईंनी हाक मारली की ही खिडकीबाहेर बघत बसायची. आधी 'मठ्ठ' म्हणून झालं, मग 'उद्धट'. दिवाळीनंतर मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं आणि गोड आवाजात सांगितलं, "तुम्हीच अर्ज द्या, घरगुती अडचणीमुळे दाखला हवा म्हणून. मुलीच्या कागदावर उगाच डाग नको." मला ते उपकारच वाटले. माझे यजमान वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. त्यांच्या खात्यातला एक जण म्हणाला, अर्ज लिहायचा तर आमच्या गावच्या म्हात्रेकाकांकडून लिहून घ्या, पस्तीस वर्षं शाळेत कारकून होते, आता निवृत्त आहेत. म्हणजे पोटच्या पोरीला शाळेतून काढायचा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून घ्यायला मी मुलीचं बोट धरून बाळकुमला गेले होते. माझ्या अकलेची कमाल बघा!

काकांनी ओटीवर बसवून सगळं ऐकलं आणि पेनला टोपण लावलं. मंजिरी अंगणातल्या कोंबड्या बघत होती. त्यांनी मागून तिला दोनदा हाक मारली. ती वळली नाही.

"पोरीला ऐकायला येतं का गो?"

"येतं की. जरा हट्टी आहे, एवढंच."

"मशीन दिलंय का कोणी?"

"दिलंय."

"मग कुठंय?"

"कपाटात," मी म्हणाले.

खरं तर हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. मुलीची जात, उद्या लग्न जमवायचं, मशीन कोणी पाहिलं तर? म्हणून घरात ते लावायचे आणि शाळेत पाठवताना काढून साड्यांच्या घडीत ठेवायचे. चार वर्षं माझी मुलगी अशीच वर्गात बसत होती. काकांनी पेन खिशाला अडकवलं. मग म्हणाले, "शाळेनं अजून हिला काढलेलं नाही. तू मात्र पहिलीतच काढलंस." मला अस्सा राग आला! उठून निघणारच होते, पण काकी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. चहा टाकून कसं जाणार?

पुढचे तीन रविवार काकांनी माझी तालीम घेतली. ते मुख्याध्यापिका व्हायचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून मला दरडावायचे, आणि मी एकच वाक्य न रडता म्हणायचं: माझ्या मुलीला कमी ऐकू येतं. पहिल्या रविवारी माझ्या तोंडातून ते फुटेचना. दुसऱ्या रविवारी पुटपुटले, तर म्हणाले, "मोठ्यानं. ओटीवर चार माणसं आहेत, त्यांना ऐकू दे." मी म्हटलं. कोणाच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. शेजारची बाई सुकट निवडत होती, ती निवडतच राहिली. पहिल्यांदाच हायसं वाटलं. मग काकांनी अर्ज लिहिला, दाखल्याचा नव्हे. मुलीला पहिल्या बाकावर बसवावं, मशीन लावू द्यावं, बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, श्रुतलेखन घालताना तिला त्यांचे ओठ दिसावेत. खाली कार्बन घालून दुसरी प्रत काढली. "हिच्यावर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय शाळेतून हलायचं नाही," असंही बजावलं.

शाळेत ते माझ्याबरोबर आले, पण आत आले नाहीत. "मी आत आलो तर बाई माझ्याशी बोलतील," असं म्हणून बाहेर शिपायाच्या बाकावर बसले. मी एका दमात ते वाक्य म्हटलं. मुख्याध्यापिका भडकल्या. "चार वर्षं आम्हाला सांगितलं नाहीत? आणि आम्ही पोरीला उद्धट म्हणत राहिलो!" त्यांचं काही चुकत नव्हतं. वर्गात साठ मुलं, एकीसाठी कसं जमणार, हेही त्या बोलल्या. मी म्हणाले, "बाई, दाखल्याचा अर्ज मी देणार नाही. हा ठेवून घ्या आणि माझ्या प्रतीवर शिक्का द्या." आवाज कापला नाही. वार्षिक परीक्षेपर्यंत बघू, असं ठरलं. वर्गाच्या बाई महिनाभर कपाळाला आठ्या घालून फळ्याकडून वळायच्या, नंतर सवयीनं वळायला लागल्या. मार्चमध्ये मंजिरीला श्रुतलेखनात दहापैकी सहा मिळाले आणि दाखल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पेढे घेऊन गेले तेव्हा मी विचारलं, "काका, तुम्ही हे सगळं कशासाठी करता?" ते म्हणाले, नोकरीत असे कितीतरी दाखले आपणच लिहिले. शेरा ठरलेला: पालकांच्या विनंतीवरून. "एक माझ्या पुतण्याचा होता, हरीचा. त्यालाही ऐकू येत नाही. हेडमास्तर समोर बसलेले, पण हा माझा पुतण्या, असं बोलायची मला लाज वाटली. गुपचूप लिहिला." एवढं सांगून ते पेढ्यांचा पुडा घेऊन आत गेले. आम्ही दोघं एकाच दुखण्याचे रोगी होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तेराव्यानंतर मी आणि मंजिरी बाळकुमला गेलो. ती आता कॉलेजात आहे. ओटीवर सगळ्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या, एक तेवढी उलटी, भिंतीकडे. भिंतीशी हरी बसला होता, चाळिशी उलटलेला; आम्ही सकाळी जायचो, तेव्हा तो कधी ओटीवर नसायचा. काकी म्हणाल्या, "ही ह्यांची खुर्ची. रोज संध्याकाळी हरीसमोर बसून पेपरातलं सगळं त्याला सांगायचे, सावकाश, तोंड नीट दिसेल असं." हरीनं मंजिरीच्या कानातल्या मशीनकडे बोट दाखवलं आणि जड आवाजात विचारलं, "शालेत गेलीस?"

ती त्या खुर्चीत बसली. "हो. दहावी झाली. आता कॉलेज."

"मी चौथीपर्यंत," तो म्हणाला. "मंग काकानंच नाव काढलं." आवाजात तक्रार नव्हती. "त्यानंच सांगितलं मला. लय रडला." त्यानं कोनाड्याकडे मान वळवली. "आता पेपर कोन सांगल?"

मला कुठं बघावं ते कळेना. काकींनी पदर डोळ्यांना लावला. मंजिरीनं कोनाड्यातला त्या दिवसाचा पेपर घेतला, त्याची घडीही अजून मोडलेली नव्हती. खुर्ची थोडी पुढे ओढली, हरीनं आपल्याकडे बघेपर्यंत थांबली, आणि पहिल्या पानापासून सांगायला लागली.