स्टुलावरचं ताट

वहिनींनी माठ उचलला. दोन्ही हातांनी कवेत धरला, मागच्या दारानं अंगणात नेला आणि कढीपत्त्याच्या बुडाशी उपडा केला. सकाळीच भरलेला माठ. गळ्यापर्यंत. पाणी भळाभळा वाहून गेलं.

मी आजींच्या खोलीच्या दारात उभी. हातात आजींचं डायपर, पेपरात गुंडाळलेलं. ते टाकायला मागं जायचं होतं, पण वाटेत वहिनी होत्या. म्हणून थांबले.

रिकामा माठ त्यांनी तिथंच भिंतीकडेला ठेवला. परत घरात आणला नाही. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुला उंबरा सांगितला होता ना?"

मी म्हणाले, "चुकलं वहिनी."

काय चुकलं होतं माझं? दुपारी आजींना, म्हणजे त्यांच्याच सासूबाईंना, ठसका लागला. उशाची बाटली रिकामी. घरात दुसरं कुणी नाही. मी स्वयंपाकघरात गेले, ओगराळ्यानं माठातलं पाणी घेतलं आणि म्हातारीला पाजलं. एवढंच. ओगराळं ओलं राहिलं, त्यावरून वहिनींना कळलं.

आणि माफी मी मागितली. परत असं होणार नाही, असंही म्हणाले.

आमच्याकडं, पाथर्डीच्या वरच्या डोंगराकडच्या अंगाला, उन्हाळ्यात टँकरमागं पळावं लागतं. लहानपणी मी सांडलेलं पाणी फडक्यानं टिपून बादलीत पिळलंय. त्यामुळं माठ उपडा झाला तेव्हा आधी पाण्यासाठीच जीव तुटला. ते माझ्या हातामुळं ओतलं गेलं, हे मागून कळलं. अपमान कळायला मला कायम उशीर व्हायचा.

माणूस सांभाळायचं काम मी शाळेत असल्यापासून करतेय. आई-बाप ऊसतोडीला जायचे, नेवाशाकडं नाहीतर प्रवरेच्या पट्ट्यात. धाकट्या भावाला बघायला कोण? म्हणून मला बरोबर न्यायचे. सहावीला नाव होतं, दिवाळीनंतर वर्गात मी नव्हते. उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, बसून भावाचं हगणं-मुतणं काढत होते. पुढं शाळा राहिलीच. नवरा गेल्यावर नगरला आले. एका ब्युरोत नाव घातलं. घरी राहून म्हाताऱ्या माणसांचं करायचं काम. इंजेक्शन नाही, सलाईन नाही. उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, कूस बदलायची, सोबत बसायचं.

ब्युरोच्या मॅडमनी मला केडगावच्या या बंगल्यात पाठवलं. नेवाशाकडं यांचा बागायती ऊस. मोठं घर, मोठ्या गाड्या. आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणाला. मुलाला मी दादा म्हणायचे, सुनेला वहिनी. दादा माझ्यापेक्षा वयानं मोठे, तरी मला मावशी म्हणायचे.

पहिल्या दिवशी वहिनींनी विचारलं, आडनाव काय. सांगितलं. गाव कुठलं. सांगितलं. मग विचारलं, गावात राहायला कुठल्या बाजूला. तेही सांगितलं. आम्ही बौद्ध. आमच्या गावातली जुनी माणसं आमच्या वस्तीला अजून जुन्याच नावानं हाक मारतात. वहिनींनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. मग हसून म्हणाल्या, "आमच्यात तसलं काही नाही हं. आईंचं सगळं तूच बघायचं. फक्त स्वयंपाकघराचं माझं मी बघते."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याअलीकडं एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं. निळं. आजींचं ताट वहिनी त्या स्टुलावर ठेवायच्या आणि "ताट" म्हणायच्या. मी जाऊन उचलायचं. पाण्याच्या बाटल्याही तिथंच. माझंही जेवण तिथंच, पण माझं ताट वेगळं. ते धुऊन मागच्या शेडमध्ये कपड्याच्या मशीनशेजारी पालथं घालायचं. माझ्या हातात त्यांनी कधी काही दिलं नाही. साधी गोळीची पट्टीसुद्धा स्टुलावर.

पण आजींच्या तोंडात घास मीच घालायचे. त्यांचं सगळं अंग मीच धुवायचे. त्याला हरकत नव्हती. का, ते मला एकदा वहिनींच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. त्या बहिणीला सांगत होत्या, "अगं, आजारी माणसाला काही लागत नाही. घराला लागतं."

हे ऐकूनही मी चिडले नाही. खरं सांगते, मी खूश होते. डोक्यावर पंखा होता. दोन वेळचं गरम जेवण होतं. कडी लावता येईल अशी न्हाणी मला जन्मात पहिल्यांदा मिळाली होती. कोपीत आई लुगडं आडवं धरायची आणि आम्ही आंघोळ करायचो. पहिले काही दिवस मी आंघोळ झाल्यावरही उगाच आत थांबायचे. मला भीती एकच, हे जाईल. म्हणून ऊठसूट म्हणायचे, तुमचे लई उपकार आहेत वहिनी. जुनी साडी दिली, उपकार. आईला फोन करायला वेळ दिला, उपकार.

आजी काही साध्या नव्हत्या. सुरुवातीला मी पाठ पुसायला गेले की विचारायच्या, "हात धुतले का?" धुतले म्हटलं की, "परत धू." पुढं पुढं ते बंद झालं. माझ्या भाकरीचा वास आला की म्हणायच्या, "त्या सुनंनं मला खिचडी घालून घालून मारलंय. कोर दे की त्यातली." मी म्हणायचे, वहिनी रागावतील. "रागवू दे. तिला कोण सांगतंय? मी का तू?" आणि बोळक्या तोंडानं हसायच्या. मी दुधात कुस्करून द्यायचे. भाकरी खाताना एकदा म्हणाल्या, "तुमच्यातल्या बाया आमच्या शेतावर लई कामाच्या होत्या." त्यांनी ते कौतुकानं म्हटलं. मी तेही कौतुकच समजले.

माठ ओतला त्या संध्याकाळी दादा घरी आले. मला वाटलं, हे शिकलेले आहेत, पुण्याला जातात-येतात, काहीतरी बोलतील. ते आजींच्या खोलीत आले, पायाशी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशी, मनावर घेऊ नका. हिला स्वच्छतेचं जरा जास्तच आहे. इन्फेक्शनचं बघावं लागतं. जातबित आम्ही मानत नाही."

मी म्हणाले, "नाही दादा, मनावर कशाला."

दुसऱ्या दिवशी नवा माठ आला. आणि स्वयंपाकघराच्या दाराला कडी-कोयंडा. सुतार आला तेव्हा त्याला चहा द्यायला वहिनींनी कप त्याच्या हातात दिला. मी बघत होते. त्याआधीही कुणाकुणाला कप हातात दिलेले मी बघितले असतील. दिसलं मात्र त्या दिवशी.

त्याच दिवशी आईला फोन लावला. माझी आई गावाकडं एकटी. भाऊ तोडीवर. आईचे गुडघे गेलेत, हात कापतात, पेला धरता येत नाही. तिची सोय मी शेजारच्या शमीमभाभीकडं लावून दिलीय. भाभी सकाळ-संध्याकाळ येते, भाकरी टाकते, आईची वेणी घालते. ही सोय लावताना ना तिनं मला काही विचारलं, ना मी तिला.

आई म्हणाली, "आत्ताच भाभीनं च्या पाजला. बशीत वतून, फुकून फुकून. माझ्या हाताचा काय भरवसा हाय? तूच घे म्हनलं, पाज लेकरागत."

मी आईला माठाचं सांगितलं.

आई म्हणाली, "मग कशाला शिवलीस? चांगलं घर हाय. तोंड उघडू नगं, पोरी. उपकार ठेव."

तिला मी काही बोलले नाही. तिनं जन्मभर हेच केलं, म्हणून आम्ही जगलो. पण फोन ठेवल्यावर ती बशी डोळ्यांसमोरून जाईना. माझ्या आईच्या ओठाला दुसऱ्या बाईचा हात लागला. घर होतं तिथंच राहिलं. कुणाची चूल विझली नाही. मग या बंगल्याला काय होत होतं? आणि मी कसली माफी मागितली?

ते मनात खुपत राहिलं. काम चालूच होतं.

मग चैत्रातला तो दिवस. नगरला मंगल कार्यालयात यांच्या नात्यातलं लग्न. सगळे गेले. जाताना वहिनींनी स्टुलावर बाटल्या ठेवल्या, आजींची खिचडी ठेवली, स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "जेवणं झाली की येतोच," म्हणाल्या.

ऊन असं की खिडकीचा गज हाताला चटके देत होता. आजी सारख्या पाणी मागत होत्या. बाटल्या दुपारीच संपल्या. मी वहिनींना फोन केला. मागं बँड वाजत होता. "निघतोच आहोत," म्हणाल्या. आजींची जीभ टाळूला चिकटायला लागली. परत फोन केला, उचलला नाही. दादांना केला. बंद.

कुलपासमोर उभी राहिले. आत माठ. दाराच्या फटीतून ओल्या मातीचा वास येत होता.

आजी खोलीतून ओरडल्या, "ए पोरी, मारतीस का काय मला?"

शेडमध्ये माझी स्वतःची कळशी होती. सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा भरून ठेवलेली, वर फडकं बांधलेलं. त्याच नळाचं पाणी, ज्यातून त्यांचा माठ भरायचा. माझ्याच पेल्यानं आजींना पाजलं. त्या घटाघटा प्यायल्या. गळा भिजला. परत मागितलं, परत दिलं. मग पडून राहिल्या आणि म्हणाल्या, "गार हाय."

दिवस कलताना सगळे आले. बरोबर वहिनींची बहीण, आणखी दोन पाहुण्या बायका. उशाशी माझा स्टीलचा पेला. वहिनींनी तो बघितला. ओळखला.

"हे काय पाजलंस आईंना?"

मी सांगितलं.

"बाहेरचं पाणी? तुझ्या पेल्यानं? आईंना काही झालं म्हणजे? तुला किती वेळा सांगायचं? सगळ्यांसमोर कबूल कर, तुझं चुकलं."

पाहुण्या दारात उभ्या. दादा मोबाईलमध्ये बघत होते. मला वाटतं, सगळ्यांना माहीत होतं मी काय म्हणणार. मलाही माहीत होतं. तोंडात शब्द तयार होता. रोजचाच.

तो आला नाही.

मी म्हणाले, "चुकलं नाही वहिनी. त्यांना तहान लागली होती. मी पाणी पाजलं. कुलूप तुम्ही घातलं."



वहिनी म्हणाल्या, "एवढं घरच्यासारखं वागवलं, त्याचं हे?"

मी म्हणाले, "घरचं माणूस स्टुलावरनं जेवत नाही."

त्या ब्युरोला फोन करायला वळल्या. मी म्हणाले, करा. दुसरी बाई येईपर्यंत आजींना सोडून जायची नाही. पण आजपासून स्टुलावरचं काही उचलणार नाही. ताट माझ्या हातात द्यायचं.

रात्रीच्या जेवणाला वहिनींनी ताट स्टुलावर ठेवलं आणि "ताट" म्हणाल्या. मी उंबऱ्यापाशी गेले. दोन्ही हात पुढं केले. तशीच उभी राहिले. त्या ओट्याकडं तोंड करून उभ्या. खिचडीवरची वाफ कमी झाली. मी हात खाली घेतले नाहीत.

शेवटी आजीच ओरडल्या. "सूनबाई, दे की गं तिच्या हातात. भूक लागलीय मला."

वहिनींनी ताट उचललं. माझ्या हातात दिलं. बोटाला बोट लागलं. मी खोलीकडं वळले आणि मागं नळ सुरू झाला. मी आजींना पहिला घास भरवला, दुसरा भरवला, तरी नळ चालूच होता.

दुसरी बाई आली तेव्हा मी पिशवी भरली. आजींना सांगितलं, निघते. त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. म्हणाल्या, "जा. पानी ठिवून जा." मी पेला भरून ठेवला. माझाच पेला. तो तिथंच राहू दिला.

ब्युरोच्या मॅडम वैतागल्या. अटी घालणाऱ्या बाईला कोण ठेवणार, म्हणाल्या. मग जरा मायेनं म्हणाल्या, "दुसरं आडनाव सांगत जा ना. कोण तपासायला येतंय?" माझ्या बऱ्याच मैत्रिणी सांगतात. त्यांना मी नावं ठेवत नाही, पोट सगळ्यांनाच आहे. मी मात्र सांगणार नाही.

त्यानंतर मी बरेच दिवस कामाविना बसले. भीती गेली असं कुणी समजू नये. आजही नव्या घराची बेल दाबायच्या आधी मी दोनदा हात मागं घेते. आईच्या औषधाचं काय, भाभीचे पैसे थकले तर तिला काय तोंड दाखवू, सगळं डोक्यात असतं. पण आता आडनाव, गाव, वस्ती, ते विचारायच्या आत मीच सांगते. आणि मग मी विचारते. पाण्याचा माठ कुठं आहे? मी तिथून पाणी घेतलेलं चालतं का?

काही घरं हसून हो म्हणतात. काही म्हणतात, कळवतो. कळवत नाहीत.

न कळवू देत. तुमच्या आईला मी मनापासून सांभाळीन. तिचं गू-मूत काढीन, तिची नखं कापीन, तिच्या शिव्या खाईन. पण माझा हात ज्या घरात माठाला चालत नाही, त्या घरात तो तुमच्या आईच्या ढुंगणालाही लागणार नाही. तिथं तुमचा हात घाला.