खांबाचं दार

रस्त्यावरच्या दिव्यांची देखभाल करण्यात वायरमनकाकांची सव्वीस वर्षं गेली होती. निवृत्तीला सात महिने उरले असताना साहेबांनी फर्मान काढलं, गल्लीतल्या चाळीसही खांबांवर विजेच्या गाड्यांचे चार्जर बसवायचे.

"साहेब, खांबातली वायर दिव्यापुरती आहे. गाडीचा भार तिला झेपायचा नाही," काका म्हणाले.

"वरून मंजूर झालंय. तुम्ही बसवा आणि सही करा."

पहिल्या खांबाचा पुरवठा बंद करून काकांनी तळाचं दार उघडलं. ते जेमतेम पंजाएवढं होतं. आत जोडणी करताना त्यांचा हात मनगटापाशी असा अडकला, की पुढे जाईना आणि मागेही येईना. भर दुपारी ते खांबाला मिठी मारून गुडघ्यांवर बसून राहिले. येणारेजाणारे वळून बघत होते. समोरच्या शिंपीणबाईंनी साबणाचं पाणी ओतलं, तेव्हा कुठे सोललेला हात बाहेर आला.

तेवढ्यात साहेब आले. आता तरी यांना पटेल, असं काकांना वाटलं.

"फार लागलं नाही ना?" असं विचारत साहेबांनी काम सुरक्षित असल्याचा कागद सहीसाठी पुढे केला.

काकांची पेन्शनची फाईल याच साहेबांच्या टेबलावर पडून होती.

"वायर जळाली तर सही माझी दिसेल," काका पुटपुटले.

"तोवर तुम्ही आरामात घरी असाल."

"माझं घर याच गल्लीत आहे, साहेब."

साहेबांनी नुसतं पेन पुढे धरलं. उजवा हात ठणकत होता, म्हणून काकांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली आणि हत्यारांची पिशवी उचलून ते दुसऱ्या खांबाकडे निघाले.