देवमनची साक्ष

बडनेऱ्याला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका गल्लीत देवमनची गिल्या वड्याची गाडी असते. पाण्यात मुरलेला उडदाचा वडा हलक्या हाताने दाबायचा, वर दही, मग लाल चटणी. अमरावतीत यापेक्षा नावाजलेल्या गाड्या आहेत, आणि देवमन स्वतःच गिऱ्हाइकांना त्यांचे पत्ते सांगतो. "तिकडचा एखाद्या टायमाले खाऊन पाहा," म्हणतो, "तो चांगला हाय." असा धंदा करणारा माणूस. वय पन्नाशीपलीकडे, अंगाने बारीक. उभा राहिला की जरा बाजूला सरकून उभा राहतो, कोणाच्या तरी वाटेत आल्यासारखा. स्वतःच्या गाडीशीसुद्धा.

त्याच गल्लीत प्रार्थनेची खोली आहे. पूर्वी ते सरकीचं गोदाम होतं. अजूनही भिंतीला नाक लावलं तर तेलकट वास येतो. रविवारी तिथे पेटी-ढोलकीवर भजनं होतात. देवमन आधी खिडकीखाली उभा राहून ऐकायचा. मग एका रविवारी चपला काढून आत गेला आणि मागच्या भिंतीला टेकून बसला. दर रविवारी धंदा सोडून "हा मानूस जाते कुठं" हे पाहायला त्याची बायको चतुराबाई मागोमाग गेली. महिन्याभरात ती पहिल्या रांगेत होती. देवमन भिंतीलाच राहिला.

विश्वास दोघांचाही बसला. चतुराबाईचा धडाक्याने, दार उघडून आत यावं तसा. देवमनचा केव्हा बसला ते त्यालाही सांगता आलं नसतं. आत काय चाललंय ते ऐकत असताना येशू नावाचा कोणी आपल्याला ओळखतो, असं त्याला एका दिवशी वाटलं, आणि ते वाटणं मग गेलं नाही. रात्री गाडी धुताना तो त्याच्याशी बोलायचा. दही आंबट झालं, पाऊस येईलसं दिसतं, असलंच काहीतरी.

पण मंडळीची एक रीत होती. बाप्तिस्मा घ्यायचा तर आधी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची. मी कोण होतो, प्रभूने मला कशातून काढलं, आता मी कोण आहे. चतुराबाईने दिली होती. "माही जीभ," ती म्हणाली होती, "सासूले बोलली, ननदेले बोलली, या मानसाले त रोजच बोलली. प्रभूनं अर्धी बांधली. अर्धी बाकी हाय." खोली हसली, आणि त्याच हिवाळ्यात तिचा बाप्तिस्मा झाला.

सगळ्यांत मोठी साक्ष चंद्रभानची. चंद्रभान ऑटो चालवतो, आणि एके काळी तो इतका प्यायचा की एका पहाटे नाल्यात पडलेला असताना डुक्कर त्याचं तोंड चाटून गेलं. त्या डुकराच्या डोळ्यांत पाहून तो रडला आणि तिथून उठला तो थेट प्रार्थनेच्या खोलीत आला. बाहेरगावचा पाहुणा आला की मंडळी चंद्रभानला उभं करायची. दर खेपेला डुक्कर थोडं मोठं व्हायचं, आणि कोणाची हरकत नसायची.

देवमनकडे डुक्कर नव्हतं.

तो कधी प्याला नव्हता. बायकोवर हात उचलला नव्हता. आजारातून उठला नव्हता, स्वप्न पडलं नव्हतं, आवाज ऐकू आला नव्हता. दर हिवाळ्यात बाप्तिस्म्याची घोषणा झाली की तो म्हणायचा, "पुढच्या खेपेले पाहू." महिन्यातल्या पहिल्या रविवारी, बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायची ती प्रभुभोजनाची भाकर फिरायला लागली की तो उठून बाहेर जायचा आणि ओसरीवरच्या चपला जोडीजोडीने लावत बसायचा. गल्लीत कोणी विचारलं, "काय देवमन, क्रिस्ती झाला म्हन्ते तू?" तर तो वड्यावर चटणी जास्त टाकायचा. आपण कोण हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

कामं मात्र त्याने सगळी घेतली होती. सतरंज्या टाकणं, पिंपात पाणी भरणं, पंखे पुसणं, माइकची वायर गुंडाळणं. ही सवय जुनी होती. आईबाप लवकर गेले आणि तो हिवरखेडला मामाकडे वाढला. मामा-मामी वाईट नव्हते. त्याला कोणी कधी टाकून बोललं नाही. पण पानावर बसण्याआधी त्याने बैलांना पाणी पाजलेलं असायचं, सरपण आणलेलं असायचं. हे करायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. घर आपलं आहे की नाही याची ज्याला खात्री नसते, त्याच्या हातांना आपोआप काम सापडतं.

गेल्या डिसेंबरात पास्टरांनी पुन्हा विचारलं, बाप्तिस्म्याला कोण कोण? पास्टर म्हणजे सुगत, अकोल्याहून आलेला तिशीतला मुलगा, मोटरसायकलवर फिरणारा, आवाजाने मऊ. त्याने विचारलं आणि मागच्या भिंतीजवळ देवमन उभा राहिला. चतुराबाईने वळून पाहिलं. नवरा पुढे चालत येत होता, सतरंजीच्या कडेकडेने.

"मी लय पापी मानूस होतो," देवमनने सुरुवात केली. "मी दारू प्यायचो."

पुढच्या रांगांतल्या माना वर झाल्या.

"लय प्यायचो. सकाळी प्यायचो, संध्याकाळी प्यायचो. गाडीचा सारा पैसा दारूत जाये. एक एक तांब्या प्यायचो."

"तांब्या?" चंद्रभान स्वतःशीच पुटपुटला. या विषयात त्याची नजर पक्की होती. "कोनती प्यायचे, भाऊ?"

देवमन अडखळला. "लाल," तो म्हणाला. "लाल रंगाची. दही घालून."

मागे एक पोरगी खुदकन हसली. देवमनच्या कपाळावर थंडीत घाम आला होता. तो पुढे बोलतच राहिला, नाला आला, पहाट आली, आणि आता डुक्कर येणार एवढ्यात चतुराबाई उठली.

"खोटं बोलून राह्यला हा मानूस!" ती ओरडली. "पास्टर, यानं उभ्या जन्मात थेंब घेतला नाही! खोकल्याचं औषध देल्लं त याले गरगरते! काहून माही इज्जत काढता अवो? लोक म्हनतीन, बेवड्याच्या घरी नांदली!"

खोलीत हशा फुटला. लोक हसता हसता सतरंजीवर कलंडले. सुगतलाही हसू आवरेना. त्याने तोंडावर हात धरला, आणि हात काढला तेव्हा देवमन समोर नव्हता. मागच्या दाराने निघून गेला होता.

माणसं पाप लपवतात. उसनं पाप अंगावर घेऊन देवाच्या दारात उभं राहणारा माणूस बडनेऱ्यात दुसरा झाला नसेल. हसणं ओसरल्यावर ही गोष्ट खोलीतल्या काही जणांच्या लक्षात आली, आणि मग भजन नीट उचललं गेलं नाही.

पुढच्या रविवारी देवमन आला नाही. पिंपात मात्र पाणी भरलेलं होतं.

सोमवारी दुपारी सुगतने मोटरसायकल गाडीजवळ लावली. "एक प्लेट द्या. चटणी कमी."

देवमनने मान वर न करता वडा दाबला.

"काल दिसले नाही, देवमनभाऊ."

"तब्बेत बरोबर नोहती."

"आणखीन एक खोटं," ताटल्या विसळता विसळता चतुराबाई म्हणाली.

देवमनने प्लेट पुढे केली. मग फडक्याला हात पुसले, पुसतच राहिला. "पास्टर, मी देवाच्या घरात उभा राहून खोटं बोललो. मले आता मंडळीत नका घेऊ. पानी मी भरून जात जाईन सकाळी. कोनी यायच्या आंधी."

"का बोललात पण?"

"मंग काय सांगू? चंद्रभानले प्रभूनं नाल्यातून काढलं. हिले हिच्या जिभेतून काढलं."

"अर्धं," चतुराबाई म्हणाली.

"मले कुठून काढलं? मी कुठं पडलोच नाही. मी आपला भिंतीले टेकून बसलो. टेकून बसलेल्या मानसाले कोन हात देते? त्यानं माह्याकडं पाह्यलंच नसन, पास्टर. ज्याच्याकडं पाह्यलं त्याच्याजवळ काहीतरी सांगाले असते ना."

सुगत प्लेट हातात धरून उभा होता. वड्यावरचं दही हळूहळू खाली उतरत होतं. "चूक आमची आहे, भाऊ," तो म्हणाला. "आम्ही गोष्टीला टाळ्या वाजवत बसलो." मग त्याने विचारलं, "चंद्रभानभाऊ नाल्यातून उठून आला, तेव्हा त्याच्या हातात काय होतं?"

देवमनने विचार केला. "काहीच नाही. चप्पलबी एकच होती म्हन्ते."

"आणि तुम्ही आले तेव्हा तुमच्या हातात?"

"माह्या हातात काय असन?"

"मग झालं की सारखंच. किती खोल पडला ते पाहून प्रभू कोणाला घेत नाही. आणि कोण किती पाणी भरतो तेही पाहून घेत नाही. तो क्रुसावर गेला तो तुमच्यासाठीही गेला. त्याच्यावर भरवसा टाकला की माणूस त्याचा. साक्ष नंतरची, बाप्तिस्म्याचं पाणीही नंतरचं."

"भरवसा त मी पयल्यापासूनच टाकला," देवमन गोंधळून म्हणाला. "पन तो काय, तो नुसता मनातल्या मनात. त्याले काही मेहनत नाही लागली."

"अन् त्या रविवारचं खोटं?"

"ते त हायेच. ते खरं पाप हाय."

"ते सांगितलं का त्याला?"

"त्याच रात्री सांगतलं. गाडी धुता धुता."

"तर मग त्याचीही माफी झाली."

देवमनने पास्टरकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं, संशय होता. दुकानदाराने माल देऊन पैसे घ्यायला नकार द्यावा आणि गिऱ्हाइकाने माल उलटून पाहावा, तसा. "इतकं सोपं नसते, पास्टर," तो हळूच म्हणाला.

चतुराबाईने ओले हात लुगड्याला पुसले आणि ती मधे आली.

"तुमी मले पाहाले आले होते, तवा काय बोलले होते?"

"आता ते कायले काढते?"

"सांगा ना पास्टरले. काय बोलले?"

"काहीच नाही बोललो."

"एक शब्द नाही, पास्टर! खाली मुंडी घालून पोहे खाल्ले. माह्या बापानं आत येऊन इचारलं, पोरगा मुका त नाही? मी म्हटलं, असन मुका, मले चालते. तवा या मानसाची कोनती साक्ष मांगतली होती मी?"

देवमन इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच ऐकत होता. "मंग तू हो काहून म्हटलं?"

"मले आवडले म्हनून म्हटलं. तुमीबी हो म्हटलं, लगन झालं. तवापासून मी तुमची बायको हाय. रोज उठून इचारता का मले, आज हाये का नाही म्हनून?"

"नाही इचारत," देवमन म्हणाला. "तुहं भेव वाटते."

सुगतला ठसका लागला. चतुराबाईने त्याला पाण्याचा ग्लास दिला. तो शांत झाल्यावर म्हणाला, "मावशी, हे मी रविवारी सांगू का?"

"सांगा. पन माहं नाव घेऊन सांगा."

पुढचा रविवार. देवमन पुन्हा मागच्या भिंतीपासून पुढे आला. या वेळी कोणी हसलं नाही. लोक खाली पाहत होते, जणू लाज त्यांनाच वाटत होती. देवमनने हात मागे बांधले, मग पुढे घेतले, मग लोंबू दिले.

"मी दारू पेत नोहतो," तो म्हणाला. "तवा खोटं बोललो. माह्याजवळ सांगाले काही नाही. मी नाल्यात नोहतो पडलो, पन घरातबी नोहतो. बाहेरच उभा होतो. येशूनं मले आत घेतलं असं मी मानतो. त्याच्यावर भरवसा हाय. झालं."

तो खाली बसला. कोणीतरी टाळी वाजवायला हात उचलले आणि खाली घेतले. मग चंद्रभानचा जाड आवाज आला, "आमेन." त्यानंतर अनेक महिने त्या खोलीत चंद्रभानची साक्ष झाली नाही. पाहुण्यांनी विचारलं तर तो म्हणायचा, "माहं राहू द्या. देवमनभाऊचं ऐका, छोटं हाय."

बाप्तिस्मा जानेवारीत झाला, वरूडकडे, मंडळीतल्या एका माणसाच्या संत्र्याच्या बागेत. तोडणी झाली होती. झाडांखाली काही फळं राहून गेली होती आणि विहिरीजवळचा सिमेंटचा हौद काठोकाठ भरलेला होता. सुगत छातीएवढ्या पाण्यात उभा होता, ओठ निळे पडलेले. देवमन पायऱ्या उतरून त्याच्याजवळ गेला.

"येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवता?"

"ठेवतो."

सुगतने एक हात त्याच्या पाठीमागे घेतला, दुसरा छातीवर. "आता मागे रेला."

देवमनला रेलता येईना. त्याने गुडघे वाकवले, एक पाय मागे टाकला, पास्टरच्या हाताला आधार म्हणून स्वतःच पाठ वाकवू लागला. त्याला मदत करायची होती. दोघेही कलंडले आणि कसेबसे सावरले.

"भाऊ, तुम्ही काही करू नका," सुगत दात वाजवत म्हणाला.

"तुमच्यावर सारं वजन येईन ना पन."

"येऊ द्या."

देवमनने पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा त्याचे पाय आपोआप कामाला लागले. काठावरून चतुराबाईचा आवाज आला. "अवो, ते करतात ना! तुमी उगे राहा न एक डाव!"

देवमनने डोळे मिटले. त्याचे खांदे उतरले. मान सैल पडली, गुडघे सुटले, आणि सगळा देवमन, होता तेवढा, पास्टरच्या हातावर आला. पाणी त्याच्यावरून मिटलं आणि उघडलं.

तो वर आला तो खोकतच. नाकात पाणी गेलं होतं. काठावर भजन सुरू झालं. कोणीतरी टॉवेल फेकला. देवमन निथळत बाहेर आला आणि सवयीने इकडेतिकडे पाहू लागला, काय उचलायचं आहे ते. बादल्या चंद्रभानने उचलल्या होत्या. सतरंजी पोरींनी गुंडाळली होती. चतुराबाई त्याचे कोरडे कपडे घेऊन येत होती.

तेव्हा तो बागेच्या मधोमध नुसता उभा राहिला. थंडी वाजत होती आणि ऊन होतं.