आधी हवा, मग मशीन

बंद पडलेलं कुठलंही यंत्र समोर आलं की ताई आधी त्याला हात लावून बघायच्या. तळहात नाही, बोटांची मागची बाजू. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. मग म्हणायच्या, "थांबा. आधी हवा, मग मशीन." मिक्सर असो, इस्त्री असो, नाहीतर विहारातला माइक, वाक्य हेच. मिक्सरला हवा कशाला लागते, असं मी एकदा विचारलं. ताई नुसत्या हसल्या आणि स्क्रू काढायला लागल्या.

हे वाक्य त्यांनी कंपनीतून आणलं होतं. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ताई मेन्टेनन्सला होत्या. तिथली निम्मी यंत्रं हवेच्या दाबावर चालायची. बंद करताना आधी यंत्रं बंद करायची, मग कॉम्प्रेसर. सुरू करताना बरोबर उलटं: कॉम्प्रेसर आधी, दाब भरू द्यायचा, मग एकेक यंत्र. नवा माणूस घाईत यंत्राचं बटण आधी दाबतो आणि यंत्र अर्ध्यात अडकून बसतं. तसं झालं की ताईंना बोलावणं यायचं.

ताई मूळच्या दौंडच्या, आयटीआय केलेल्या, लग्न होऊन कारेगावात आलेल्या. मी इथल्या सकाळच्या शाळेत क्लार्क. त्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, म्हणून गावात माझा उगीचच दबदबा होता. तुमच्याही गावात असा एखादा 'कॉम्प्युटरवाले सर' असेल, त्याला खरं किती येतं हे त्यालाच माहीत असतं.

बुद्ध विहारामागच्या खोलीत बायकांसाठी कॉम्प्युटरचा क्लास काढायचा, ही कल्पना ताईंची. कंपनीनं भंगारात काढलेले नऊ लॅपटॉप त्यांनी मागून आणले, सगळे एकाच बनावटीचे. त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, कारण ते फुकट होतं आणि जुन्या मशीनवर चालायचं. विहार कमिटीचे आप्पा खोली द्यायला कबूल झाले, पण कटकट करतच. शिकवायला मी. सी भाषेचं माझं जाडजूड पुस्तक ताईंनी एकदा घरी नेलं आणि सहा महिन्यांनी मला त्यातल्या चुका दाखवायला लागल्या. तेव्हापासून मी टायपिंग शिकवायचो आणि बाकीचं त्या बघायच्या.

क्लास दुपारी बारा ते दोन. अडीचला ताईंच्या दुसऱ्या शिफ्टची कंपनीची बस यायची. आणि पाऊण वाजता लाईट जायची.

लोडशेडिंगची ती वर्षं आठवत असतील तर पुढचं सांगायला नको. गेलेली लाईट तीन तास यायची नाही. लॅपटॉपच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या, दहा मिनिटांत मान टाकणाऱ्या. बायका घरचं पाणी भरून, स्वयंपाक उरकून यायच्या. मशीन सुरू होऊन हात बसतो न बसतो तोच अंधार. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

ताईंनी त्यावर उपाय सांगितला. बायकांना त्या समजावत होत्या ते मला अजून आठवतं.

"मशीनला झोपवायचे दोन प्रकार असत्यात. एकात ते डुलकी घेतं. पर थोडी थोडी लाईट खात ऱ्हातं, बॅटरी मेली की समदं गेलं. दुसऱ्यात डोक्यात हाय ते समदं डिस्कवर उतरवून ठिवतं आन् पार बंद व्हतं. त्याला हायबरनेट म्हणत्यात. मग लाईट चार तासांनी येऊ द्या न्हाईतर चार दिवसांनी, उठलं की जिथल्या तिथं."

ऐकायला झकास. पहिल्या दिवशी लाईट गेल्यावर नऊही मशीन शहाण्यासारखी झोपली. दुसऱ्या दिवशी उठवायला गेलो तर एकही उठेना. पडदा काळा, पंखा चालू, बाकी सगळं दगड. रुखसाना भाभींनी तासभर खपून टाइप केलेलं पान गेलं. भाभी कुणाला बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "ताई, मी उद्यापास्नं न्हाई यायची."

त्याच आठवड्यात आप्पा आले. गावातल्या पोरांना जिम हवी होती, डंबेल येऊन विहाराच्या ओट्यावर पडलेही होते. आप्पा दारातच उभं राहून म्हणाले, "बाई, बंद मशिनींसाठी खोली अडवून ठिवता येत न्हाई. म्हैनाअखेरीला कमिटी बघायला येईल. चालू दिसलं तर ऱ्हाईल, न्हाईतर खोली पोरांची."

उरलेल्या आठ बायका भिंतीकडे बघत बसल्या. ताई म्हणाल्या, "या आप्पा, म्हैनाअखेरीला."

शिरूरच्या सायबर कॅफेतून त्यांनी कागदांचं बाड छापून आणलं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, झोपेतून उठताना काय करतो ते त्यात लिहिलं होतं. इंग्रजी ओळीखाली बोट धरून ताई वाचायच्या, बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "सर, उठताना कर्नल एकेकाला हाक मारतंय. डिस्क, कीबोर्ड, साउंड, नेटवर्क. त्यातलं कोण तरी उठत न्हाई आन् समदी त्याच्यापायी अडकून पडत्यात. कोण ते हुडकायचं."

मग तपासणी सुरू झाली. लाईट गेली की बाकीच्या मशीनच्या बॅटऱ्या एकामागून एक लावत ताई कर्नलमध्ये काहीतरी चालू करायच्या, मशीन झोपवायच्या, उठवायच्या, ते अडकायचं. तोवर बाहेर बसचा हॉर्न. पिशवी उचलता उचलता त्या मला सांगायच्या, "सर, लगेच बंद करून चालू करा. सुरू व्हताना अक्षरं धावत्यात, त्यात 'मॅच' शब्द असलेली ओळ तेवढी उतरवून ठिवा."

काम सोपं होतं आणि मी ते नेटकं करायचो. मशीन बंद करायचं, चालू करायचं. सुरू होताना ते तक्रार करायचं की तारीख चुकीची आहे. बघतो तर खरंच भलतीच तारीख, कधी पुढचं कुठलं तरी साल, कधी मागचं. मी क्लार्क माणूस, तारीख चुकली की मला जेवण जात नाही. सेटिंगमध्ये जाऊन मी आधी ती दुरुस्त करायचो, मग मशीन पुढे जाऊ द्यायचो. 'मॅच'ची ओळ काही यायची नाही. वहीत मी सुवाच्य अक्षरात लिहायचो: ओळ आली नाही.

असे आठ दिवस गेले. महिनाअखेर तोंडावर आली. ताई खंगलेल्या दिसायला लागल्या. नवव्या दिवशी वही पुढे ओढून म्हणाल्या, "सर, तुम्ही काय काय करता ते पयल्यापास्नं सांगा बरं."

मी सगळं सांगितलं, तारखेचं जरा अभिमानानंच सांगितलं.

ताई खुर्चीत बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सर, त्या तारखेतच तर समदं व्हतं."

मशीनमध्ये एक घड्याळ असतं, स्वतःच्या छोट्या सेलवर चालणारं. मशीन अडकलं की बंद करावं लागतं आणि बंद केलं की त्याच्या आठवणीतलं सगळं पुसलं जातं, घड्याळ तेवढं उरतं. म्हणून कर्नल लिहिणाऱ्यांनी युक्ती केली होती. हाक मारण्याआधी प्रत्येकाची खूण त्या घड्याळातच तारीख म्हणून लिहून ठेवायची. पुन्हा सुरू झालं की कर्नल ती भलती तारीख वाचतो आणि शेवटी कुणाला हाक मारली होती ते सांगतो. आठ दिवस मशीन ओरडून नाव सांगत होतं आणि मी ते इमानेइतबारे खोडून तिथं आजची तारीख घालत होतो.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ताईंनी मात्र वही मिटली आणि म्हणाल्या, "चुकी माझी. का ते मी तुम्हाला सांगितलंच न्हाई." माझा बावळटपणा स्वतःच्या अंगावर घेणारं दुसरं माणूस मला आयुष्यात भेटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. मशीन तारखेबद्दल कुरकुरलं, ताईंनी त्याला तसंच पुढे जाऊ दिलं. अक्षरं धावली आणि त्यात ती ओळ आली. नेटवर्क कार्ड.

कार्डाला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्यातला उठण्याचा भाग जेमतेम वीस ओळींचा. मी तो तीनदा वाचला, मला काही दिसलं नाही. ताईंचं बोट एका ओळीवर थांबलं. "ह्ये बघा. हितं कार्डाला इचारतंय, तयार झालास का? 'हो' म्हणंपत्तुर थांबायचं. आन् कार्डाला करंट द्यायची ओळ कुठं हाय? त्याच्या खाली."

बंद कार्ड 'हो' म्हणणार कसं? आणि कर्नल तर बिचारा थांबायला तयार, जन्मभर.

"आधी हवा," मी म्हणालो.

"मग मशीन," ताई म्हणाल्या आणि दोन ओळी उचलून वर नेल्या. बाकी काही नाही, दोन ओळी. बदललेला कर्नल तयार व्हायला त्या मशीनवर दीड तास लागायचा आणि मध्येच लाईट जायची, त्यामुळे दोन ओळींना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी एक मशीन झोपलं आणि उठलं. ताईंनी ते सतरा वेळा झोपवलं, सतरा वेळा ते उठलं. मग बाकीच्या आठांत तोच कर्नल घातला आणि रुखसाना भाभींच्या घरी जाऊन त्यांना बोलावून आणलं.

महिनाअखेरीला कमिटी आली. त्या दिवशी ताईंनी अर्धी रजा टाकली होती. आप्पा आणि चौघं सतरंजीवर बसले. भाभी पाटसला माहेरी पत्र टाइप करत होत्या. 'आम्ही सगळे इथे खुशाल आहोत आणि' इथवर आल्या आणि लाईट गेली.

"गेली," आप्पा म्हणाले. त्यांना ते अपेक्षितच असावं.

"जाऊ द्या," ताई म्हणाल्या. नऊ बायकांनी मशीन झोपवली, झाकणं लावली. चहा झाला. तीन तास आप्पा उसाच्या टोळीबद्दल बोलत बसले, उठून गेले नाहीत. पावणेचारला पंखा फिरला. ताईंनी पहिलं झाकण उघडून बटण दाबलं. उठलं. दुसरं उठलं. बायका मोजायला लागल्या, आधी मनात, मग मोठ्यानं. सातवं अडलं, पडदा काळाच. ताईंनी बोटांची मागची बाजू त्याला लावली आणि नुसत्या उभ्या राहिल्या. त्याची डिस्क जुनी होती, वाचायला वेळ लागत होता. ते उठलं. आठवं उठलं. नववं भाभींचं. त्यांचं अर्धं वाक्य जसंच्या तसं समोर आलं. भाभींनी मान वर केली नाही, 'आणि'च्या पुढे टाइप करायला लागल्या.

खोलीत जो काही आवाज झाला तो ओट्यावरच्या पोरांनीही ऐकला. आप्पा म्हणाले, "खोली क्लासची. डंबेल माझ्या गोठ्यात ठिवा." मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि माझ्या हातात दिला. "सर, कमाल केलीत तुम्ही."

आणि मी तो घेतला. खरं सांगतो, दोन्ही हातांनी घेतला. ताई झाकणं पुसत होत्या. रात्रभर तो नारळ माझ्या उशाशी असल्यासारखा वाटला. सकाळी जाऊन आधी आप्पांना सांगितलं, मग ताईंपुढे नारळ ठेवला. त्या म्हणाल्या, "फोडा की. बायकांना वाटा."

पुढच्या रविवारी आम्ही शिरूरला कॅफेत बसलो. बदल कर्नल लिहिणाऱ्यांना पाठवायचा होता, म्हणजे तो जगभरच्या लिनक्समध्ये जाणार होता. इंग्रजी माझं, बाकी सगळं त्यांचं. शेवटी नावाची ओळ आली. ताई म्हणाल्या, "क्लासचं टाका. न्हाईतर तुमचं."

"चालत नाही," मी म्हणालो. "नियम आहे. ज्यानं केलं त्याचं पूर्ण, खरं नाव. जो तपासून घेईल तो त्याखाली स्वतःचं घालतो."

ताईंनी तो नियम स्वतः वाचला, बोट धरून, दोनदा. मग म्हणाल्या, "कंपनीत सा वर्सं झाली. मशीन मी करते, रजिस्टरात सही सुपरवायझरची." एवढं बोलून त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एकेक अक्षर दाबत नाव लिहिलं. मी ते इथं लिहीत नाही. ज्याला बघायचं असेल त्यानं कर्नलमध्ये बघावं, तिथं ते आहे.

पहिलं उत्तर आलं की ओळींच्या सुरुवातीला जागा सोडण्याची पद्धत चुकली, पुन्हा पाठवा. दुसरं आलं की कारण नीट लिहा. तिसऱ्यांदा त्यांनी ते घेतलं आणि ताईंच्या नावाखाली तपासणाऱ्या परक्या माणसाचं नाव आलं. काही आठवड्यांनी कुठल्याशा थंड देशातून कुणीतरी लिहिलं की त्याचं मशीन तीन वर्षं उठत नव्हतं, आज उठलं. ताईंनी ते वर्गात वाचून दाखवलं, आपल्या मराठीत. भाभींनी ते पुन्हा वाचायला लावलं.

ताई आता कारेगावात नाहीत. दीडेक वर्षानं दौंडला गेल्या, मुलींना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला. क्लास चालू आहे. त्या निघाल्या तेव्हा मी स्टँडवर पोचवायला गेलो होतो. गाडी लागायला वेळ होता. तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, इतके दिवस पोटात ठेवलेली.

कर्नलमध्ये नाव आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीत पत्रा दाबायचा एक प्रेस अडकला होता. ताईंनी तो सुरू केला, हात पुसले आणि मेन्टेनन्सच्या रजिस्टरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. सुपरवायझर म्हणाला, "इथं सही माझी असते."

"व्हय," ताई म्हणाल्या. "केलं कुणी, तिथं माझी. तपासलं कुणी, त्याखाली तुमची."

त्यानं ती ओळ वाचली. मग त्यानं ताईंकडेच पेन मागितलं आणि त्यांच्या नावाखाली सही केली.