साडूभाऊंची पश्चिम

खरं बोलणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण खऱ्याचा इतका छळ करणारा माणूस आमच्या थोरल्या साडूंखेरीज मी दुसरा पाहिलेला नाही. माझ्या साखरपुड्यात कुणीतरी कौतुकाने 'मुलगा मंगळवेढ्याला हेडमास्तर आहे' असं म्हणालं, तेव्हा सगळ्या मंडळींत हे एकटेच खाकरले आणि म्हणाले, "हेडमास्तर न्हाईत, असिस्टंट हायत. चवकशी केलीय मी." सासऱ्यांचा चेहरा पडला. तो सावरण्यासाठी म्हणून की काय, साडूभाऊंनी खिशातून गवंड्याचा, दोरा गुंडाळलेला ओळंबा काढला, बसल्या जागेवरून उठून दाराच्या चौकटीला लावला, आणि मुलगा ठीक आहे पण तुमची चौकट दीड सूत बाहेर आहे, असा निकाल दिला. लोक खिशात अडकित्ता ठेवतात, तपकिरीची डबी ठेवतात. हे ओळंबा ठेवत. पुढे आमच्यात जो जिव्हाळा जमला त्याचं कारण एवढंच, की त्या दिवशी त्यांनी मला 'ठीक' म्हटलं होतं, आणि त्यांच्या तोंडून कुणाला ठीक म्हटलेलं त्यानंतर मी फारसं ऐकलं नाही.

हा स्वभाव त्यांना त्यांच्या धंद्याने लावला होता. सोलापुरातल्या मोठ्या नावाजलेल्या आर्किटेक्टच्या कचेरीत त्यांचा जन्म गेला. गावातले कितीतरी बंगले, शाळा, दवाखाने आणि एक थिएटरसुद्धा त्या साहेबांच्या हातचं. साडूभाऊ तिथे ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर आरपार दिसणारं पातळ कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर ओढायची, हे ट्रेसरचं काम. आपल्या पदरचं काही घालायचं नाही, साहेबांचं काही गाळायचं नाही. तीस-पस्तीस वर्षं माणसाने हेच केल्यावर त्याची जीभही तशीच चालू लागते. साहेबांना मूलबाळ नव्हतं. बाईसाहेब आधीच गेल्या होत्या. साहेब गेल्यावर सात रस्ता चौकापलीकडचं त्यांचं राहतं घर आणि त्यातलीच कचेरी जशीच्या तशी जपायची असं गावातल्या प्रतिष्ठितांनी ठरवलं, त्याची एक स्मारक समिती झाली, आणि समितीने चाव्यांचा जुडगा साडूभाऊंच्या हाती दिला. समितीची ही पहिली चूक.

त्यांच्याबरोबर ते घर पाहणं हा एक अनुभव होता. दाराशीच चपला काढायला लावून ते त्या भिंतीशी समांतर ठेवून घेत. आत गेल्यावर "हात लावायचा न्हाई, टेकायचं न्हाई, आन् कुणी उगंच हळहळायचं न्हाई," अशी सूचना. मग एकेक वस्तू. "ही साहेबांची छत्री. साहेबांनी ही कदी उगडली न्हाई. सोलापुरात पाऊस कुटंय?" कोटाजवळ थांबून, "ह्यो साहेबांचा कोट. साहेबांना लहान व्हायचा." टेबलावर काचेखाली एक पेन्सिल होती. बघणारे तिच्यापुढे श्वास रोखून उभे राहत, तेव्हा हे म्हणत, "पेन्सिल साहेबांची. टोक माझं. साहेबांचं टोक झाडताना मी मोडलं." एकदा अकलूजच्या एक बाई, नवरा साखर कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, साहेबांच्या पलंगापाशी पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "इथंच देह ठेवला का हो त्यांनी?" साडूभाऊ म्हणाले, "न्हाई बाई. दवाखान्यात. हितं नुसते आजारी हुते." बाईंचा हुंदका अर्ध्यावरच थांबला आणि त्या उरलेलं घर न पाहताच गेल्या.

समितीचे चिटणीस चादरीचे व्यापारी होते आणि माणूस हौशी. घरात नुसत्या वस्तू आहेत, विचार कुठेच नाहीत, अशी खंत वाटून त्यांनी चार पाट्या रंगवून आणल्या. पहिलीवर लिहिलं होतं, 'घर म्हणजे भिंती नव्हेत, घर म्हणजे माणसे - साहेब.' साडूभाऊंनी पाटी हातात घेऊन दोनदा वाचली आणि विचारलं, "हे साहेब कदी म्हनाले?" चिटणीस म्हणाले, "असं काहीतरी म्हणालेच असतील की." "न्हाई. मी समोर बसायचो. साहेब म्हनायचे, 'भिंत सरळ हाय का बघून या.' दुसरं म्हनायचे, 'चहा सांगा.' ह्यातलं कुठलं रंगवायचं ते सांगा." पाट्या भिंतीवर लागल्या, पण प्रत्येक पाहुण्याला साडूभाऊ आवर्जून सांगत की मजकूर चिटणिसांचा आहे, खिळा मात्र साहेबांचा. चिटणीस माझ्याकडे कुरकुरत, "मास्तर, तुमचे साडू स्मारक चालवतात का पंचनामा करतात?"

अशा माणसाच्या सत्यात एक भोक होतं, आणि ते मला फार उशिरा दिसलं. साहेबांची सगळ्यांत गाजलेली करामत म्हणजे कचेरीच्या खोलीची पश्चिमेची भिंत. मूळ भिंतीपासून हातभर अंतर सोडून बाहेर विटांच्या जाळीची दुसरी भिंत. आपल्याकडचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन त्या बाहेरच्या जाळीवर मरायचं, मधल्या पोकळीतून वारा वर चढायचा आणि आत माणूस बसू शकायचा. गावभर त्या भिंतीची नक्कल झाली. अक्कलकोट रोडला नव्याने उठणाऱ्या कारखानदारांच्या बंगल्यांनासुद्धा, ऊन असो नसो, साहेबांची जाळी पाहिजेच. पण त्या भिंतीपाशी आले की आमच्या साडूभाऊंचं तोंड बंद. "ही भिंत. चला म्होरं," एवढंच. मी एकदा खोदून विचारलं, तर "बिड्री," म्हणाले. ते मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळे एखादी गोष्ट सोडून द्यायची असली की ती ते कन्नडमध्ये सोडत.

मग एकदा त्यांचं पोस्टकार्ड आलं. 'रविवारी या. काम आहे. काम काय ते कार्डावर लिहिण्यासारखं नाही.' मी एस.टी.ने पोहोचलो, तर समितीची सगळी मंडळी इस्त्रीच्या कपड्यांत व्हरांड्यात उभी. पुण्याहून एक प्राध्यापक आले होते. घरावर ते एक पुस्तिका लिहिणार, आणि त्यांच्या पुस्तिकेवर घराचं भवितव्य ठरणार होतं, कारण समितीतल्याच दोघातिघांना ही मोक्याची जागा स्मारकापेक्षा कापडाच्या दुकानाला जास्त शोभेल असं वाटू लागलं होतं. प्राध्यापकांनी 'जपण्याजोगं' म्हटलं तर घर राहणार, नाहीतर पहार. साडूभाऊ सकाळपासून जेवले नव्हते, असं मेव्हणीने मला कानात सांगितलं. माझं काम नुसतं शेजारी उभं राहायचं होतं.

प्राध्यापक भला माणूस होता. छत्रीचं, कोटाचं आणि पेन्सिलीचं सत्य त्यांनी हसून सोसलं. पण पश्चिमेच्या भिंतीपाशी आल्यावर त्यांना भरून आलं. वही उघडून ते समितीला समजावू लागले, "इथे कलावंताचं धैर्य पाहा. सोलापूरसारख्या गावात कुणीही कचेरी पूर्वेला घेतली असती. साहेबांनी ती मुद्दाम पश्चिमेला घेतली. सूर्याला आव्हान दिलं, आणि त्या आव्हानातून ही भिंत जन्मली." समितीने माना डोलावल्या. आणि साडूभाऊ म्हणाले, "साहेबांनी न्हाई. पश्चिमेला मी घेतली."

कुणाला काही कळेना. साडूभाऊ जमिनीकडे बघत, ट्रेसिंग करावं तितक्या सावकाश बोलू लागले. "साहेबांच्या कागदावर कचेरी पूर्वेलाच हुती. पश्चिमेला सैपाकघर. रेगा मी एके दिवशी वढल्या. अक्षरं दुसऱ्या दिवशी घालायची, शाई वाळल्यावर. दुसऱ्या दिवशी कापड उलटं अंथरलं. आरपार दिसतंय, रेगा दोनी बाजूंनी सारख्याच दिसत्यात की. त्याच्यावर मी झ्याक अक्षरं घातली, उत्तर दिशेचा बाण घातला. सगळं घर आरशात बघितल्यागत उलटं झालं. साहेबांना स्वतःच्या घराकडं बघायला येळ कुटं हुता. दुसऱ्यांचे धा नकाशे, त्यात ह्यो एक. सही करून बार्शीच्या कामावर गेले. म्हयन्यानं आले तवर जोतं वर आलेलं."

चिटणीस घाईने म्हणाले, "वयामुळं होतं असं. पुढं चलू या." पण प्राध्यापकांनी वही मिटली होती. त्यांनी विचारलं, "मग साहेबांनी ते पाडून पुन्हा का नाही बांधलं?"

"पाडलं असतं तर का पाडलं ते सांगावं लागलं असतं. कचेरीतल्या मोठ्या इंजिनेराला आदीच वास लागला हुता. ह्याला आजच्या आज काढा म्हनला. माझं लगीन होऊन वरीस झालेलं. साहेबांनी नकाशा मागवला आन् त्याला इचारलं, 'सही कुणाची आहे यावर?' तो म्हनला, तुमची. 'मग चूक माझी. बांधा असंच.' झालं. पुन्हा ह्या जलमात तो विषय न्हाई." साडूभाऊंनी भिंतीवर तळहात ठेवला. "जाळी सुचली चार वर्षांनी. तवर चार उन्हाळे साहेब ह्या खोलीत बसले. भिंतीला हात लावला तर पोळायचा. मी समोर. चार उन्हाळ्यांत माझ्यादेखत एकदाबी 'उकडतंय' म्हनले न्हाईत. घाम पुसायचा असला की उठून पल्याडच्या खोलीत जायचे. मला वाटायचं साहेबांना सारकं पानी लागतंय. लई उशिरा कळलं. तुमी भिंतीचं लिवा, पर हेबी लिवा."

एवढं बोलून झाल्यावरही त्यांच्यातला ट्रेसर गप्प बसला नाही. "बाईसाहेब मातर खूश हुत्या. सैपाकघर थंड मिळालं की. साहेबांच्या मूळ नकाशात त्यांच्या वाट्याला भट्टीच हुती," हेही त्यांनी नोंदवलं.

दुपारी व्हरांड्यातच समितीची बैठक झाली. प्राध्यापक म्हणाले, माझ्या दृष्टीने घराची किंमत आज वाढली. समितीच्या दृष्टीने ती धोक्यात आली होती. चिटणिसांनी फार शहाणपणाचं भाषण केलं. त्याचा मथितार्थ असा, की चांगली माणसं गल्लोगल्ली असतात, त्यांची स्मारकं करायला जागा पुरायची नाही. गावाला द्रष्टा हवा आहे, आणि द्रष्टा घाम पुसायला आत जात नसतो. प्राध्यापकांनी थोडा वाद घातला, मग त्यांची पुण्याची गाडी निघायची वेळ झाली. पुढे पुस्तिका आली, तिच्यात सूर्य होता, आव्हान होतं, भिंतीचे तीन फोटो होते. उलट्या कापडाचा शब्द नव्हता. पुस्तिकेमुळे दुकान टळलं आणि घर वाचलं. चिटणीस साडूभाऊंच्या घरी येऊन गोडीने म्हणाले, "तुम्हीच राहा की रखवालीला. फक्त पुस्तिकेत आहे तेवढंच सांगायचं. त्या भिंतीपाशी तुम्ही तसेही गप्पच असायचा." साडूभाऊंनी जुडगा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "आदी मी माझी लाज झाकायला गप्प हुतो. आता साहेबांचा मोठेपणा झाकायला गप्प ऱ्हाऊ? न्हाई जमायचं."

मला वाटलं होतं आता ते घरी बसतील. ते दुसऱ्याच दिवशी फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसले. आत नवा मनुष्य पुस्तिका पाठ म्हणून दाखवायचा, आणि पाहुणे चपला घालून बाहेर आले की हे अदबीने विचारायचे, "आत भिंतीचं काय सांगितलं? बरं. आता हुतं कसं ते ऐका." कुणी ऐके, कुणी वेडा म्हणून वळसा घालून जाई. लिंबाची सावली दुपारी दोनला सरकायची, तेव्हा हे तिच्याबरोबर सरकायचे. समितीने पोलिसात सांगून पाहिलं, पण रस्त्यावर बसून खरं बोलणं हा गुन्हा कुठल्या कलमात बसवावा हे फौजदाराला कळेना. दोन उन्हाळे त्यांनी ही नोकरी बिनपगारी आणि एक दिवस न चुकता केली. तिसऱ्या उन्हाळ्याला ते नव्हते. झोपेत गेले, कुणाला तसदी न देता. मला त्यांची फार सवय झाली होती, हे मला त्या वेळी कळलं.

त्यानंतर वर्षभराने पेपर तपासायला म्हणून मी सोलापूरला गेलो होतो, आणि दुपार मोकळी होती. साहेबांचं घर पाहिलं. भिंतीपाशी नवा मनुष्य सूर्य आणि आव्हान म्हणाला, मी ऐकून घेतलं. बाहेर आलो. लिंबाखाली कुणी नव्हतं. एस.टी.ला अजून तास होता. मी सावली बघून उभा राहिलो. पाठोपाठ एक जोडपं बाहेर आलं, मुलीला चपला घालू लागलं. मी आयुष्यात परक्या माणसांशी आपणहून बोललेला नाही. मी पुढे झालो आणि म्हणालो, "माफ करा, आत भिंतीचं काय सांगितलं तुम्हाला?"