जिजीचा चोथा

“चोथा फेकू नको वं, त्यामा अजून जीव शे!” असं म्हणत जिजी पदर खोचायची आणि हातातली परात ओढूनच घ्यायची. आपण बघत राहायचं.

शहाद्यात ती आमच्या शेजारी एकटी राहायची. तिचं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. लहानथोर सगळ्यांची ती जिजी. उन्हाळ्यात घरोघरी कुरडया. भिजवलेला गहू वाटून, पिळून पांढरा चीक काढायचा; मागे कोंड्याचा जो गोळा उरतो तो चोथा. चीक शिजताना घोटायला जिजीच लागायची, गुठळी म्हणून होऊ द्यायची नाही. म्हणून चोथा तिचा, असा गल्लीचा रिवाज. त्यात तीळ, लसूण, तिखट घालून ती वड्या घाली.

तिच्या लेखी चोथा कशाचाही होई. चहाचा, उसाचा. मुलगा सुरतेहून सुट्टीला आला की त्याच्या गालांवरून हात फिरवत म्हणे, “मन्हा पोरगाना पार चोथा करी टाका त्या सुरतनी!” तो बिचारा हसायचा.

गेल्या वर्षी त्यानेच हट्ट धरला. माय, आता एकटी राहू नको, सुरतेला चल. जिजी म्हणाली, “गल्लीन्या कुरडया होऊ दे. मी सुरतले गवू ते हाऊ चोथा कोन उचली?”

झालं! एरवी आम्ही बाया चार घरं मिळून एका दिवसात उरकायचो. ते आता एकेक घर, तेही सवडीने. एकीचं आटोपलं की दुसरी गहू भिजत घाली. मी तर दोनदा घातला. नवरा म्हणाला, “कुरडयांचं दुकान काढायचंय का?” काढू, म्हटलं, तुमचं काय जातंय! जिजीला सगळं कळत होतं. रोज विचारायची, “आते कोना घर गहू शेत?” आणि खुशीत घरी जायची.

पण उन्हाळा ताणून ताणून किती ताणणार? एक दिवस मुलगा गाडी घेऊनच आला. माझ्या दुसऱ्या खेपेच्या चोथ्याच्या वड्या गच्चीवर ओल्याच होत्या. त्या तशाच टाकून जिजीला निघावं लागलं. फार रडलो आम्ही.

वड्या दोन उन्हांत कडक झाल्या. तळून, खाऊन संपल्याही. डबा केव्हाच घासून ठेवला.

जिजीचा फोन येतो. दिवाळी झाली, थंडी पडली, तरी पहिला प्रश्न तोच. “वाळन्यात का वं वड्या?”

“नही, जिजी. अजून वल्ल्याच शेतस.”

“मंग हात लावू नको,” ती म्हणते. “मी शहादाले ईसन पलटसू.”